मोटारीचं अभ्यंगस्नान

मी एकदा मोटारीला आंघोळ घातली होती. बाहेरून नव्हे, बाहेरून सगळेच घालतात. मी आतून घातली. झाकण उघडून, चांगल्या ऊन पाण्याने, आणि वरून पंचामृत. तुळशीचं पान ठेवायलासुद्धा विसरले नाही.

हसा, खुशाल हसा. आमच्या घरात पन्नास वर्षं हसतायत. दर दसऱ्याला कोणी ना कोणी म्हणतंच, "आजी, ती मोटारीची गोष्ट सांग." मीही पदर सावरून सांगते. घागर कशी कलंडली, पाणी कुठून कुठे गेलं, याचे हातवारे करते. तुळशीच्या पानापाशी आले की पोरं लोळायला लागतात आणि मी तिथेच थांबते. गोष्ट तिथे संपत नाही, हे मला एकटीला ठाऊक आहे.

यंदा ती पुन्हा आठवली ती हस्ताच्या पावसामुळे. हा पाऊस म्हणजे जायला निघालेला पाहुणा. छत्री विसरली म्हणून परत येतो आणि मग जेवूनच जातो. आषाढातला पाऊस आमच्याकडे समुद्रावरून येतो, हा मात्र डोंगराकडून. दुपारपर्यंत ऊन असं, की अंगणात पापड वाळावेत. मग पूर्वेला काळं धरतं, गडगड होते, आणि घटकाभरात वाडीतल्या पोफळी नखशिखान्त न्हाऊन उभ्या राहतात. त्यानंतरचा वास मला कुठेही ओळखता येईल. ओली सुपारी, ओलं शेण, ओला झेंडू. आणि त्यात, माझ्यापुरता, थोडासा पेट्रोलचा वास.

परवा असाच पाऊस झाला आणि माझ्या नातीची, मनूची, स्कूटर भिजली. पोरीने लाथा मारमारून पाय दुखवून घेतला. स्कूटर ढिम्म.

"आजी, हिला काय झालं गं?"

"प्लग काढ. पूस. तव्यावर भाज."

"तव्यावर?" ती कमरेवर हात ठेवून उभी. "तू कधीपासून मेकॅनिक झालीस?"

"तुझी आई जन्मायच्या आधीपासून. जा, जुना तवा घे, पोळ्यांचा नको."

तवा तापला. प्लग त्यावर एकटाच पडला होता. ओलावा चर्र करून उडाला आणि पाठोपाठ तो वास आला, जळक्या धुळीचा, तेलाचा, लोखंडाचा. माझ्या हातात चिमटा होता.

त्या दिवशी तव्यावर चार प्लग होते.

श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी. मी पालीहून लग्न होऊन तिथे गेले तेव्हा सोळा वर्षांची होते. तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी, म्हणजे ती तेव्हाची. तिच्याविषयी काय सांगू? मराठी सातवी पास होती आणि त्याचा तिला इतका अभिमान, की आंबेमोहोर निवडतानाही सातवी पास असल्यासारखी निवडायची. चूक म्हणून काही असते आणि ती आपल्याकडून होऊ शकते, ही कल्पना तिला शिवली नव्हती. नवरा पुण्याला शिकायला. घरात मामंजी, सासूबाई आणि माझ्याच वयाच्या वन्सं. आणि मोटार.

मोटार मुंबईहून पडावावर, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीवर, चढून आली होती. भरती पाहून पडाव काठाला घेतला, फळ्या टाकल्या, आणि वीस माणसांनी दोर लावून तिला वाळूत उतरवली. हे मी पाहिलेलं नाही, पण सासूबाई ते वन्संच्या जन्माइतक्याच तपशिलाने सांगत. आली तेव्हाच ती जुनी होती. छताचं कापड दोन जागी शिवलेलं, दिवा एकच धड. पण मामंजी तिच्यात बसले की मान अशी ताठ, की पागोट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला तरी हिंदकळू नये.

तिच्याबरोबर इसाजी आला. मोटार हाकायचाही तोच आणि दुरुस्त करायचाही तोच. खाकी कोट, काळी टोपी, नखांत कायमचं काळं. इसाजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. आमच्या किनाऱ्यावर त्या लोकांना शनवार तेली म्हणत. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. इसाजी स्वतःच म्हणायचा, "आजा घान्यातून तेल काडायचा, मी इंजिनात घालतो. तेल काय सुटत न्हाय आमचं."

शुक्रवारी दिवस कलला की त्याची लगबग सुरू व्हायची. मोटार पुसायची, तिच्यावर ताडपत्री घालायची, आणि मग दोरीच्या गाठी. गलबतावरचे खलाशी मारतात तशा, एकसारख्या, एकाच बाजूला वळलेल्या. शेवटची गाठ ओढून तो रिठ्याने हात धुवायचा आणि सूर्य बुडायच्या आत घरी. शनिवारी तारे दिसेपर्यंत मोटार त्याची नाही. मामंजी कुरकुरत, पण तालुक्यात दुसरा माणूस नव्हता.

मी मोटार पाहिली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून. खिडकीसमोरच गोठ्याला लागून झावळ्यांनी शाकारलेला मांडव होता, त्यात ती उभी असे. एकदा मी खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा इसाजीने एक लाकडी पेटी उघडली होती. आत चार ठोकळे, ओळीने, डोक्यावर पितळेच्या पट्ट्या.

"वहिनी, हे माझे चार भुंगे. इंजिनाला ठिनगी हेच देतात," तो म्हणाला. त्याने काहीतरी फिरवलं आणि खरोखरच ते गुणगुणायला लागले, एकामागून एक. "मोटार चालू होनार का न्हाय ते मी डोल्यांनी बघत न्हाय, कानांनी बघतो. भुंगे बोलले का मोटार बोलली."

सातवी पास मुलीला त्या पेटीत काय दिसलं असेल? तिला दिसला देव्हारा. लाकडाचा, झाकणाचा, आणि आत पितळी मुकुट घातलेले चार देव.

पुढचं आता तुमच्याही लक्षात आलं असेल. तिच्या नाही आलं.

त्या वर्षी दसरा शनिवारी होता. शुक्रवारी रात्री हस्त कोसळला. सकाळी उघडीप होती. सासूबाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "सूनबाई, मोटारीची चाकं धू, हळदकुंकू लाव, हार घाल. मामंजी पूजा करतील." चाकं! नुसती चाकं धुवायला सातवी पास कशाला हवी? हत्यारांची पूजा करायची तर पातं घासतात, मूठ नव्हे. मोटारीचा जीव आत आणि आपण पाय धुऊन मोकळं व्हायचं? सासरचा पहिला दसरा. सासूबाईंनी एकदा तरी म्हणावं, हो गं, हुशार आहेस. एवढ्या एका वाक्यासाठी मी ताडपत्रीच्या गाठी सोडल्या. सुटेनात तेव्हा दातांनी सोडल्या.

झाकण उघडलं. चुलीवरचं ऊन पाणी दोन घागरी आणलं होतं. गार पाण्याने देव न्हाऊ नयेत म्हणून! वरून धार धरली. काळ्या नळ्यांवरून, तारांवरून पाणी घरंगळत होतं आणि खालून कळकट होऊन वाहत होतं, आणि मला वाटत होतं, बघा, किती मळ निघाला. मग पेटी उघडली. पळीने पंचामृत, प्रत्येकाच्या डोक्यावर थोडं थोडं. वर गरम पाण्याची बारीक धार. तुळशीचं पान. नमस्कार केला. मनात मागितलं काय, तर वन्संचं जमू दे. कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी, वन्संना पाहायला मुंबईची माणसं आगबोटीने येणार होती आणि बंदरावरून त्यांना आणायला मोटार जाणार होती.

सगळं पुन्हा झाकलं. बाहेरून लुगड्याच्या फडक्याने लखलखीत पुसलं. पूजेच्या वेळी मामंजी म्हणाले, "वा." सासूबाई म्हणाल्या, "गुण आहे हो पोरीच्या हाताला." मी दिवसभर जमिनीवर नव्हते. संध्याकाळी ताडपत्री घालून गाठी मारल्या, परकराच्या नाडीला मारतात तशा.

रविवारी सकाळी इसाजी आला. गाठीपाशी थांबला. एक गाठ बोटांत धरून पाहिली, सोडली. मग हँडल मारलं. एकदा, पाचदा, वीसदा. मोटारीने साधा खोकलाही काढला नाही.

मामंजी ओटीवर, धोतर-कोट-पागोटं घालून तयार. "इसाजी, आगबोट नऊला लागते."

"व्हय अण्णा."

त्याने तेल पाहिलं. पेट्रोल पाहिलं, बोटावर घेऊन वास घेतला. तारा एकेक करून पुसल्या आणि पुसताना त्याच्या कपाळावर आठी पडली, कारण फडकं भिजत होतं. प्लग काढले. चारही ओले. ते एका पत्र्याच्या झाकणात घेऊन खिडकीशी आला.

"वहिनी, तवा हाय का चुलीवर? जरा भाजून द्या. लाल न्हाय करायचे, नुसते सुकवायचे."

मी प्लग भाजले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांसाठी पुरण शिजत असताना, त्याच चुलीवर. सासूबाई पुरण ढवळत पुटपुटत होत्या, "काय दिवस आलेत, चुलीवर लोखंड!" आणि मी चिमट्याने एकेक प्लग उलटत होते. सातवी पास असले तरी ओलं काय आणि कोरडं काय एवढं मला कळत होतं. चूक कळायला मला तेवढाच वेळ लागला, जेवढा चार प्लग सुकायला लागतो.

भाजलेले प्लग चिमट्याने धरून मी मांडवाच्या कडेला गेले. इसाजीने ते बसवले, हँडल मारलं. काही नाही. मग त्याने कान दिला. भुंगे गप्प. "ह्यात पानी शिरायचं कारन न्हाय," तो स्वतःशीच म्हणाला, "झाकन पक्कं हाय," आणि त्याने पेटी उघडली.

मी त्याच्या पाठीमागे होते, त्यामुळे त्याने पाहिलं तेच मलाही दिसलं. पितळेवर साकळलेलं दही. मधाला चिकटलेली मुंगी. आणि दुसऱ्या देवाच्या डोक्यावर काळवंडलेलं तुळशीचं पान.

त्याने ते उचललं. वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चिमटा, कपाळावर कुंकू, आणि चेहऱ्यावर जे काय असेल ते. त्याने मूठ मिटली.

"काय सापडलं?" मामंजी ओटीवरून उतरून आले होते.

"पानी," इसाजी म्हणाला.

"पेटीत? पाणी कुठून आलं?"

इसाजी गप्प. क्षणभर, दोन क्षण. त्या क्षणांत गोठ्यातल्या म्हशीने शेपूट हलवलेली मला आठवते. झावळीवरून एक थेंब बॉनेटवर पडला तो आठवतो. ती जागा माझी होती. इसाजीने ती माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. चार शब्द बोलायचे होते: "मामंजी, ते मी घातलं." फार तर काय झालं असतं? सासूबाई महिनाभर टोमणे मारत्या. वन्सं हसत्या. पालीला चिठ्ठी गेली असती, की मुलगी अंमळ जास्तच शहाणी दिली आहेत.

मी चिमटा पाहत उभी राहिले.

"परवाच्या पावसाचं," मामंजींनीच उत्तर काढलं. "शुक्रवारी तुझा जीव घरी अडकलेला. ताडपत्री ढिली बांधलीस. तुमच्या त्या सूर्य बुडण्याच्या घाईत माझी मोटार बुडाली."

इसाजीचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती. खाकी कोटाची शिवण ताणली आणि सैल झाली.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "गाठ ढिली ऱ्हायली."

त्याच्या गाठी मी दातांनी सोडल्या होत्या.

नऊ वाजले तेव्हा चारही ठोकळे उन्हात सुपात ठेवले होते, वड्यांसारखे. साडेदहाला ते तांदळाच्या ऊबदार कणगीत होते. बारा वाजता भुंगे एकेक करून बोलले आणि मोटार सुरू झाली. पण तोवर पाहुणे भाड्याच्या बैलगाडीतून दारात उतरले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि सगळे हसत होते. मुलाच्या वडिलांना बैलगाडीचा प्रवास इतका आवडला, की जाताना त्यांनी तीच मागितली. वन्संचं जमलं. म्हणजे नुकसान काही झालंच नाही. फक्त मामंजींना मोटार मिरवता आली नाही.

तेवढ्यासाठी संध्याकाळी मामंजींनी इसाजीला ओटीवर बोलावलं. मी दाराआड होते. दाराआड उभं राहायला मात्र मी कधी कचरत नसे.

"पुढल्या शनिवारपासून मोटारीपाशी थांबायचं. सुट्टी हवी तर दुसरा कुठला वार घे."

"अण्णा, दुसरा वार माझा हाय, तो घ्या. शनवार माझा न्हाय. जो माझा न्हाय तो मी देऊ कसा?"

"मग मोटार दुसऱ्याला देऊ."

टोपी झटकल्याचा आवाज आला आणि इसाजी पायऱ्या उतरला.

मामंजींना दुसरा कोणी मिळाला नाही. मोटार तीन महिने मांडवात उभी राहिली, मग कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, आणि एका भरतीला ती आली तशीच पडावावर चढून गेली. ज्या माणसाने ती नीट राखली असती, तो मुंबईला कुठल्याशा कारखान्यात लागल्याचं कानावर आलं. पुढे त्याच्या लोकांपैकी बरेच देश सोडून बोटीने इस्राएलला गेले. तोही गेला असेल. तिकडे शनिवार सगळ्यांचाच असतो म्हणतात. त्याला मागावा लागला नसेल.

मी सांगितलं कधी? मामंजी गेल्यावर. सासूबाईंना, एका दसऱ्याला, गंमत म्हणून. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगो, पंचामृत!" बस, तिथून ती घरातली गोष्ट झाली. आणि मला एक युक्ती सापडली, की लाजेला विनोदाचं लुगडं नेसवलं की ती चारचौघांत नेता येते. लोक टाळ्या देतात. तिला आत काय घातलंय, कोणी विचारत नाही. त्या सोळा वर्षांच्या मुलीची मी इतकी टिंगल केली, इतकी टिंगल केली, की माझी मलाच वाटायला लागलं, शिक्षा झाली तिला. पण मी टिंगल केली ती तिच्या पंचामृताची. तिच्या चिमट्याकडे पाहत उभं राहण्याची मी कधी नक्कल केली नाही. जमलीच नसती. त्यात हसण्यासारखं काही नाही.

मनूची स्कूटर परवा दुसऱ्या लाथेला सुरू झाली. ती ओरडली, "आजी, जिंकलीस!" मी तवा घासायला घेतला. लोखंडाचा वास जाईना. शिकवणारा कोण होता हे तिने विचारलं नाही आणि मीही, सवयीप्रमाणे, बोलले नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे. तिने वाचावं.

सोमवारी सकाळी इसाजी मोटारीची चावी द्यायला आला होता. मामंजी वाडीत होते, सासूबाई देवात. मी तुळशीला पाणी घालत होते. त्याने चावी वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मी सगळा धीर गोळा केला. पाहुणे गेल्यावर, काम झाल्यावर, कोणी ऐकत नसताना होता तेवढा सगळा. म्हटलं, "इसाजीभाऊ, चुकलं माझं. मी मामंजींना सांगते."

तो रागावला नाही. खिशातून ते वाळलेलं पान काढून त्याने चावीशेजारी ठेवलं, टोपी नीट केली आणि म्हणाला:

"ऱ्हाऊ दे वहिनी. भुंगे भिजले व्हते म्हनून बोलले न्हाईत. तुम्ही तर कोरड्या व्हतात."